बागवाल्यांची शपथ

पवित्र कुरआनच्या सूरह अल-कलममध्ये एका बागेच्या मालकांचा प्रसंग आला आहे. भाष्यकार सांगतात की, ते सख्खे भाऊ होते. त्यांचा पिता नेक होता आणि फळे उतरविण्याच्या दिवशी गोरगरिबांचा वाटा न चुकता बाजूला काढीत असे. पिता गेला आणि मुलांचे मन पालटले. उद्या भल्या पहाटे जाऊन सारी फळे उतरवू, अशी शपथ त्यांनी घेतली. 'इन्शाअल्लाह' एवढा शब्दही त्यांच्या तोंडून निघाला नाही. पहाटे ते आपसांत कुजबुजत निघाले. कुजबुज एकाच गोष्टीची होती : आज कोणी गरीब आपल्या बागेत शिरता कामा नये. पण ते झोपेत असतानाच त्या बागेवरून अल्लाहची आपत्ती फिरून गेली होती. उजाड झालेली ती भूमी पाहून प्रथम त्यांना वाटले की, आपण वाट चुकलो आहोत.

हा प्रसंग मी मदरशात शिकलो आणि पुढे कित्येकदा दर्समध्ये सांगितला. जकात व सदका यांचे महत्त्व मनावर ठसविण्यासाठी आपण तो सांगतो आणि ते योग्यच आहे. परंतु काही महिन्यांपूर्वी एका तरुणाच्या प्रश्नामुळे त्या पहाटेच्या कुजबुजीकडे मला नव्याने पाहावे लागले.

हा तरुण आमच्या मशिदीत इशाच्या नमाजला येतो. तो कायद्याचे शिक्षण घेत आहे. अभ्यासात त्याच्यापुढे अमेरिकेतील एक जुना खटला आला होता. नमाजनंतर तो माझ्यापाशी बसला आणि म्हणाला, "इमामसाहेब, एका माणसाने आपल्या शहराला बाग दिली आणि अट घातली की, ती फक्त गोऱ्यांनीच वापरावी. वक्फ करणाऱ्याची अट शरीअतच्या वचनासारखी पाळली पाहिजे, असे आपणच आम्हाला शिकवता. मग ही अटसुद्धा पाळायला हवी होती का?"

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, प्रामाणिक होता. आणि प्रामाणिक प्रश्नाला घाईचे उत्तर देणे ही एक प्रकारची अप्रामाणिकताच होय. मी त्याला सारी हकीकत सांगावयास लावले.

मेकन शहरातील दान

जॉर्जिया राज्यातील मेकन शहराचे ऑगस्टस बेकन हे अमेरिकेच्या सिनेटचे सदस्य होते. १९११ साली त्यांनी मृत्युपत्र केले. पत्नी व मुली यांच्या पश्चात आपली 'बेकन्सफील्ड' नावाची जमीन उद्यानासाठी शहराला मिळावी, मात्र तिचा उपभोग शहरातील गोऱ्या स्त्रिया, गोऱ्या मुली आणि गोरी मुले यांनी घ्यावा, असे त्यांनी त्यात लिहिले. कृष्णवर्णीयांविषयी आपल्या मनात सद्भावच आहे, परंतु सामाजिक व्यवहारात दोन्ही वंशांनी कायम वेगळे राहावे असे आपले मत आहे, अशी नोंदही त्यांनी करून ठेवली. १९१४ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे उद्यान उभे राहिले. मेकन नगरपालिका त्याची विश्वस्त होती. तिनेच अनेक वर्षे त्याची निगा राखली आणि ती अटही पाळली.

पुढे काळ बदलला. सरकारी संस्थेला वर्णभेद चालविता येणार नाही हे स्पष्ट झाले आणि नगरपालिकेने कृष्णवर्णीय नागरिकांना उद्यानात येऊ दिले. तेव्हा व्यवस्थापक मंडळातील काही जण न्यायालयात गेले. नगरपालिकेला दूर करावे, खासगी विश्वस्त नेमावेत, म्हणजे अट पाळता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. १९६६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, विश्वस्त कोणीही असो, या उद्यानाचे स्वरूप सार्वजनिक आहे. येथे वर्णभेद चालणार नाही.

अट गेली. आता दार सर्वांना उघडे होईल, असेच कोणालाही वाटेल. परंतु जॉर्जियाच्या न्यायालयांनी निराळा अर्थ लावला. दात्याला बाग केवळ गोऱ्यांसाठी द्यायची होती, ती अट पाळणे अशक्य झाले असेल तर दानच संपुष्टात आले. जमीन वारसांकडे परत जावी, असे त्यांनी ठरविले. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने हा निर्णय कायम केला. न्यायमूर्ती ब्रेनन आणि न्यायमूर्ती डग्लस यांनी आपली असहमती नोंदविली. उद्यान बंद झाले आणि पुढे त्या जमिनीवर दुकाने व कार्यालये उभी राहिली. ज्या सावलीत कृष्णवर्णीय मुलाने बसू नये म्हणून एवढा खटाटोप झाला, ती सावली गोऱ्या मुलालाही उरली नाही.

मेकन एकटे नव्हते. अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी शहरापुढे जेव्हा उद्याने सर्वांना खुली करण्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा १ जानेवारी १९५९ पासून त्या शहराने आपली सर्वच सार्वजनिक उद्याने बंद करून टाकली. ओक पार्क या सुंदर उद्यानातील पोहण्याचा तलाव मातीने भरण्यात आला आणि तेथील प्राणिसंग्रहालयातील प्राणी विकले गेले. मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहराने पोहण्याचे सार्वजनिक तलाव एकत्र वापरण्याऐवजी बंद केले आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तेही चालवून घेतले. तलाव जर कोणालाच मिळत नसेल तर भेदभाव कोठे झाला, असा तो युक्तिवाद होता.

येथे मला सूरह अल-कलममधील कुजबुज ऐकू आली. आज कोणी गरीब आपल्या बागेत शिरता कामा नये! फरक एवढाच की, त्या भावांच्या बागेवर आपत्ती वरून आली. या शहरांनी ती आपल्या हातांनी, ठराव करून, शिक्का मारून आणली. कोणत्या घटनेत अल्लाहचा कोप आहे हे सांगण्याचा अधिकार मला नाही आणि तसे मी म्हणत नाही. माझे म्हणणे साधे आहे. जो मनुष्य दुसऱ्याला वाटा मिळू नये म्हणून आपलाही वाटा जाळतो, त्याला बाग कधीच प्रिय नव्हती. त्याला प्रिय होते ते दार, आणि त्या दारापाशी उभे राहून 'तू नाही' असे म्हणण्याचे सुख.

दात्याची अट

आता तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. वक्फ करणाऱ्याच्या अटीला आपल्या धर्मशास्त्रात मोठा मान आहे, यात शंका नाही. विद्यार्थ्यांसाठी दिलेले उत्पन्न विश्वस्ताने व्यापाऱ्याला देऊ नये, विधवांसाठी बांधलेले घर भाड्याने लावू नये, म्हणून हा नियम आहे. तो दात्याच्या लहरीचे रक्षण करण्यासाठी नव्हे, तर विश्वस्ताच्या लहरीपासून गरजूचे रक्षण करण्यासाठी आहे. परंतु याच नियमाला सीमाही आहे. जी अट शरीअतच्या विरुद्ध जाते तिला हा मान नाही.

हनफी फकीहांनी चर्चिलेला एक मसला येथे फार उपयोगी आहे. एखाद्याने मशीद बांधली आणि म्हटले की, ही केवळ या मोहल्ल्याच्या लोकांसाठी आहे, तर काय करावे? उत्तर असे की, मोहल्ल्याबाहेरच्या माणसालाही तेथे नमाज अदा करण्याचा हक्क आहे. दात्याचे ते शब्द निष्फळ ठरतात, मशीद मात्र मशीदच राहते. पाहा, येथेही दान आणि अट एकमेकांसमोर उभी आहेत, परंतु निर्णय नेमका उलटा आहे. मेकनमध्ये अट पडली म्हणून दान पडले. आपल्या फकीहांनी अट पाडली आणि दान उभे ठेवले. कारण मशीद एकदा अल्लाहच्या नावे झाली की, ती दात्याच्या आवडीनिवडीच्या पलीकडे जाते.

तरुणाने यावर जी शंका घेतली ती वाचकांच्या मनातही येईल. तो म्हणाला, "मशिदीचे ठीक आहे. पण बागेत काही इबादत होत नाही. शिवाय आपल्याकडेही नातेवाइकांसाठी, विशिष्ट विद्यार्थ्यांसाठी वक्फ होतातच. तेथेही बाकीचे लोक वगळले जातात."

शंका योग्य आहे. प्रत्येक मर्यादा म्हणजे अन्याय नव्हे. अनाथांसाठी घर बांधणारा मनुष्य इतरांचा अपमान करीत नाही. तो एका गरजेकडे बोट दाखवितो. आप्तांना देणारा नात्याचे कर्तव्य पार पाडतो. परंतु 'हिदाया' या ग्रंथात वक्फच्या प्रकरणी एक सूक्ष्म भेद केला आहे. वक्फचे उत्पन्न गरिबांना वाटावयाचे असेल तर त्यात श्रीमंताचा वाटा नाही. मात्र मुसाफिरखान्यात उतरणे, विहिरीचे किंवा पाणपोईचे पाणी पिणे यांत श्रीमंत व गरीब सारखेच. कारण या गोष्टींची गरज दोघांनाही पडते. धनवानसुद्धा प्रवासात आपले पाणी व आपले छप्पर बरोबर घेऊन फिरत नाही. म्हणजे कसोटी गरजेची आहे. जी वस्तू माणसाला केवळ माणूस म्हणून लागते, तिच्या दारात त्याचे कुळ विचारू नये.

आता विचार करा, शहरातील सावली कोणाला लागत नाही? दाट वस्तीत राहणाऱ्या मुलाला पळण्यासाठी मोकळी जमीन, म्हाताऱ्याला बसण्यासाठी झाड, थकलेल्या मजुराला घटकाभर वारा, ही पाण्यासारखीच गरज आहे. सूरह अर-रहमानमध्ये अल्लाहने पृथ्वी सर्व जीवांसाठी अंथरल्याचा उल्लेख आहे आणि त्यापाठोपाठ फळांचा, खजुरीचा व सुगंधी वनस्पतींचा. त्यात कोणत्याही वंशाचे नाव घेतलेले नाही.

राहिला सिनेटर बेकन यांचा सद्भाव. तो खोटाच होता असे मी म्हणणार नाही; अंतःकरणाचा हिशेब अल्लाहपाशी आहे. पण सद्भाव हा पुरावा होत नाही. ह. अबू जर (रजि.) यांच्यासारख्या थोर सहाबींनी एकदा रागाच्या भरात एका व्यक्तीला तिच्या आईवरून हिणवले. ती व्यक्ती ह. बिलाल (रजि.) होते, असे अनेक भाष्यकार सांगतात. त्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना स्पष्ट सांगितले की, तुमच्यात अजून अज्ञानकाळाचा अंश शिल्लक आहे. अबू जर (रजि.) यांनी 'माझ्या मनात तसे नव्हते' असा बचाव केला नाही. पुढे लोकांनी पाहिले की, ते स्वतः जे वस्त्र नेसत तसेच आपल्या गुलामालाही देत. मनातील मळ त्यांनी शब्दांनी नव्हे, वाट्याने धुतला. आणि जन्माच्या मातीवरून श्रेष्ठत्व सांगण्याचा युक्तिवाद सृष्टीत सर्वप्रथम कोणी केला, हे प्रत्येक मुस्लिमाला ठाऊक आहे. मी अग्नीपासून आणि हा मातीपासून, हे इब्लीसचे तर्कशास्त्र आहे.

दुसरे दानपत्र

मेकनच्या दानपत्रासमोर मला दुसरे एक दानपत्र ठेवावेसे वाटते. दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग शहराला विसाव्या शतकाच्या आरंभी खाणउद्योगातील एका कंपनीने आपले दिवंगत भागीदार हर्मन एकस्टाइन यांच्या स्मरणार्थ मोठी जमीन दिली. तेथे प्राणिसंग्रहालय आणि 'झू लेक' हा तलाव असलेले उद्यान झाले. ते सर्व वंशांच्या लोकांना खुले राहावे, ही त्या दानाची अट होती. १९५३ मध्ये त्या देशात सार्वजनिक सोयी वंशानुसार वेगळ्या करण्याचा कायदा झाला. या वेगळ्या सोयी समान दर्जाच्या असण्याची गरज नाही, असेही त्या कायद्याने मान्य केले होते. बाकांवर 'फक्त गोऱ्यांसाठी' अशा पाट्या लागल्या. १९९० मध्ये रद्द होईपर्यंत हा कायदा टिकला. त्या काळोख्या वर्षांतही झू लेकचे दार मात्र सर्वांना उघडे राहिले. एका अटीने बाग गमावली आणि एका अटीने बाग राखली!

ही गोष्ट आपल्यापासून दूरची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि आजच्या रायगड जिल्ह्यातील गावांमधून अनेक मुस्लिम कुटुंबे केप टाऊनला गेली. ती तेथे आजही कोकणी म्हणूनच ओळखली जातात. आपल्याच आजोबा-पणजोबांच्या भाऊबंदांनी त्या पाट्या वाचल्या आहेत आणि मुलाचा हात धरून त्या बाकांपुढून पुढे चालत गेले आहेत. मुलाने 'का?' असे विचारले असेल, तेव्हा त्यांनी काय उत्तर दिले असेल?

न दिसणारे दार

पाटी काढली म्हणजे प्रश्न सुटला, असे समजणे भाबडेपणाचे होईल. अमेरिकेच्याच इतिहासात पाहा. न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क जगप्रसिद्ध आहे. त्या भूमीच्या एका भागावर १८२५ पासून सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. तिच्यातील बहुसंख्य रहिवासी कृष्णवर्णीय होते, अनेकांची स्वतःची घरे होती, प्रार्थनागृहे व शाळा होती. उद्यानासाठी जमीन संपादन झाली आणि १८५७ पर्यंत ती वस्ती पुसली गेली. शिकागोमध्ये तर पाटीही नव्हती. २७ जुलै १९१९ रोजी मिशिगन सरोवरात यूजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा पोहत होता. गोऱ्यांचा किनारा आणि काळ्यांचा किनारा यांमधली रेषा कोठेही आखलेली नव्हती, पण पाण्यातही ती होती असे मानले जाई. मुलगा तिच्या पलीकडे गेला, किनाऱ्यावरून दगड आले आणि तो बुडाला. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत ३८ माणसे मृत्युमुखी पडली.

याला शतक लोटले. २५ मे २०२० रोजी सेंट्रल पार्कमध्ये ख्रिश्चन कूपर हे कृष्णवर्णीय गृहस्थ पक्षी पाहत होते. जेथे कुत्र्याला मोकळे सोडण्यास मनाई होती तेथे त्यांनी एका गोऱ्या स्त्रीला कुत्रा साखळीत ठेवण्याची विनंती केली. तिने पोलिसांना दूरध्वनी करून सांगितले की, एक आफ्रिकन-अमेरिकन माणूस मला धमकावीत आहे. तिचे नाव येथे लिहिण्याची गरज नाही. दोष एका नावापेक्षा मोठा आहे. त्याच दिवशी मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली अंत झाला. म्हणून त्या दूरध्वनीचा अर्थ काय होऊ शकला असता, हे जगाला कळले. दार उघडे होते, कायदा समान होता. तरी एकाने तेथे निर्धास्त फिरावे आणि दुसऱ्याने आपण निरुपद्रवी असल्याचा पुरावा खिशात घेऊन फिरावे, याला समान वापर म्हणता येईल का?

अंतर आणि आकार हेही दारच आहे. 'ट्रस्ट फॉर पब्लिक लँड' या अमेरिकन संस्थेने २०२० मध्ये दाखवून दिले की, त्या देशात प्रामुख्याने गौरेतर वस्त्यांना उपलब्ध असलेली उद्याने गोऱ्या वस्त्यांतील उद्यानांच्या सरासरीने निम्म्या आकाराची आहेत आणि त्यांत दर एकरी लोकांची गर्दी कितीतरी अधिक आहे. येथे कोणी कोणाला अडवीत नाही. पूर्वी कोणाला कोठे घर घेऊ दिले आणि कोठे झाडे लावली, त्या निर्णयांची मुळे आजही जमिनीत आहेत. जुन्या कुजबुजीचे शब्द विरून गेले तरी तिने काढलेली वाटणी तशीच राहते.

आपले अंगण

दूर देशाचे दोष मोजून मनुष्य नेक होत नाही. म्हणून आता एक गोष्ट स्वतःविषयी.

ज्या मशिदीत मी इमामत करतो तेथील अंगणात एक कडुनिंब आहे आणि त्याखाली थंड पाण्याचा नळ. जवळच्या बांधकामावरील परप्रांतीय मजूर उन्हाळ्यात दुपारी तेथे येत, पाणी पीत आणि घटकाभर सावलीत आडवे होत. त्यांची भाषा निराळी, कपडे सिमेंटने भरलेले. विश्वस्तांच्या बैठकीत विषय निघाला की, जोहरनंतर असरपर्यंत फाटकाला कुलूप लावावे आणि नळावर 'फक्त नमाजींसाठी' अशी पाटी लावावी. कारणे सभ्य होती : स्वच्छता, शिस्त, चपलांची सुरक्षा. त्या लोकांविषयी कोणाच्याही मनात राग नव्हता, हेही कोणीतरी आवर्जून सांगितले. मी त्या बैठकीत होतो. पाण्याचा तो मसला मी दरवर्षी मुलांना शिकवितो. तरी मी गप्प बसलो. पाटी लागली.

त्या तरुणाला उत्तर देता देता मला ती पाटी आठवली आणि माझा आवाज उतरला.

सूरह अल-कलममधील त्या भावांत एक जण बरा होता. बाग उजाड झाल्यावर त्याने इतरांना आठवण करून दिली की, अल्लाहचे स्मरण ठेवा असे मी तुम्हाला सांगितले नव्हते का? आजवर मी त्याच्याकडे आदराने पाहत आलो. आता जाणवते की, सांगूनही तो त्या पहाटे त्यांच्याबरोबरच चालत होता. माझी जागा त्याच्याही खालची. मी सांगितलेसुद्धा नव्हते.

मात्र प्रसंगाचा शेवट विसरू नये. त्या भावांनी एकमेकांना दोष दिला आणि मग एकत्र कबूल केले की, आपण मर्यादा ओलांडली. आपला पालनकर्ता कदाचित याहून उत्तम बाग देईल, अशी आशा त्यांनी धरली. उजाड बागेच्या दारातही तौबाचे दार उघडे होते.

पुढच्या शुक्रवारी मी विश्वस्तांना भेटलो आणि पाण्याचा मसला ग्रंथ उघडून त्यांच्यापुढे ठेवला. आपली चूकही सांगितली. नळावरील पाटी निघाली आहे. फाटकाच्या कुलपाचा विषय येत्या बैठकीत आहे आणि या वेळी मी गप्प बसणार नाही, इन्शाअल्लाह.

हे अल्लाह, जी सावली आम्ही लावली नाही तिचे मालक होण्याच्या मोहापासून आम्हाला वाचव, आणि आमच्या दारांना अशी कुलपे देऊ नकोस ज्यांच्या आत आम्हीच कोंडले जाऊ. आमीन.